बायपासनंतर पर्वती कधी चढावी?

पुण्यातील सहकारनगर परिसरात राहणाऱ्या एका ५९ वर्षांच्या भगिनींचे पत्र आले आहे. दहा आठवड्यांपूर्वी त्यांची बायपास शस्त्रक्रिया झाली. बारा वर्षांपासून मधुमेह आहे. गेली बावीस वर्षे त्या मैत्रिणींबरोबर रोज सकाळी पर्वती चढत आणि पावसाळ्यातला एक रविवार सिंहगडासाठी राखून ठेवत. यंदाची सिंहगडाची फेरी पाच आठवड्यांवर आली आहे. मैत्रिणी म्हणतात, आता बसलीस तर कायमची बसशील. मुलगा म्हणतो, आई, फिरणे बंद, घरात आराम कर. यजमान धास्तावलेले आहेत आणि तपासणीच्या वेळी डॉक्टर ‘हलका व्यायाम करा’ एवढेच बोलले. घरचा स्वयंपाक आणि पाणी भरणे मात्र त्यांनी पाचव्या आठवड्यातच हाती घेतले, ‘कारण तेवढे तर जमतेच’. रात्री उशीवर डोके टेकले की छातीतले ठोके ऐकू येतात आणि झोप उडते, असेही त्यांनी लिहिले आहे. त्या विचारतात की पर्वती पुन्हा कधी सुरू करायची, आणि इतकी वर्षे व्यायाम करूनही हे दुखणे आपल्या वाट्याला का आले?

सप्रेम नमस्कार ताई,

तुमचे पत्र वाचताना मी पर्वतीपाशी थांबले नाही; थांबले ते ‘तेवढे तर जमतेच’ या शब्दांपाशी. हृदयाच्या शस्त्रक्रियेनंतर माणसांना पुन्हा चालते करण्याचे काम मी फिजिओथेरपिस्ट म्हणून बरीच वर्षे केले, आणि बायकांच्या बाबतीत हा प्रकार मी इतक्या वेळा पाहिला आहे की आधी त्याविषयीच लिहिते. तुमच्या घरात बंदी फिरण्यावर आली आणि मोकळीक बादलीला मिळाली. व्हायला हवे होते ते नेमके उलट.

तुमच्या छातीचे मधले हाड वरपासून खालपर्यंत उभे कापून शस्त्रक्रियेनंतर पोलादी तारांनी बांधलेले आहे. तारा दोन्ही भाग जागेवर धरून ठेवतात, पण सांधण्याचे काम हाडालाच करावे लागते आणि त्याला साधारण ८ ते १२ आठवडे लागतात. मधुमेहात जखम भरून यायला वेळ लागतो, म्हणून तुम्ही बारा आठवडे धरून चालावे हे बरे. छातीचे स्नायू दोन्ही बाजूंनी याच हाडाला येऊन मिळतात, त्यामुळे हातांनी जोर लावून काही ढकलले, ओढले किंवा उचलले की हाडाच्या दोन्ही भागांना बाहेरच्या बाजूला ताण बसतो. याच कारणाने सुरुवातीच्या आठवड्यांत दोन-चार किलोंहून अधिक वजन उचलू नये असे सांगितले जाते. आता तुमचे घरकाम या मापाने पाहा. पंधरा लिटरची भरलेली बादली म्हणजे पंधरा किलो. पाच लिटरच्या कुकरमध्ये वरणभात लावला की तोही चार-पाच किलोंच्या घरात जातो, आणि तो आपण अंगापासून दूर, लांब केलेल्या हातांनी उचलतो. चार माणसांची कणीक मळताना शरीराचा भार तळहातांवर घेऊन परातीत दाब देतो, आणि घट्ट बसलेले बरणीचे झाकण उघडताना तर दोन्ही हात विरुद्ध दिशांना ओढतात. याउलट सपाट रस्त्यावर अर्धा तास चालताना काम पाय करतात आणि छातीचे हाड जवळजवळ विश्रांतीत असते.

एका घरी मी शस्त्रक्रियेनंतरच्या सहाव्या आठवड्यात गेले होते. त्या बाईंना विचारले, “दिवसभरात काय काय करता?” त्या म्हणाल्या, “काहीच नाही हो, नुसती पडून असते.” हे बोलता बोलता त्यांनी दोन्ही तळहात पलंगावर रेटून अंग वर घेतले, स्वयंपाकघरात गेल्या, ओट्याखालचा पाण्याने भरलेला हंडा एका हाताने पुढे ओढला आणि माझ्यासाठी चहाचे आधण ठेवले. दारापर्यंत सोडायला आल्या तेव्हा सूनबाई काळजीने म्हणाल्या, “आई, जिना उतरू नका बरं!” त्या घरातले प्रेम खरे होते. कामाचे वजन मात्र कुणाच्या डोळ्यांना दिसत नव्हते, कारण ते रोजचे काम होते.

म्हणून पुढचे काही आठवडे बादली, कणीक, कुकर, गादी उचलणे आणि दोरीवर उंच कपडे वाळत घालणे ही कामे मुलाकडे आणि यजमानांकडे द्या. अंथरुणातून उठताना आधी कुशीवर वळा, पाय पलंगाखाली सोडा आणि मग हात न रेटता बसा. खोकला-शिंक आली तर उशी छातीशी कवटाळा. दवाखान्यात ती सवय लावलेली असतेच. आणखी एक गोष्ट आपल्याकडे सहसा बोलली जात नाही, पण बोलायला हवी. स्तनांच्या भारानेही टाक्याच्या जागी ओढ बसते, तेव्हा पुढून उघडणारी, मऊ पण नीट आधार देणारी अंतर्वस्त्रे वापरा, चालताना तर नक्कीच.

आता तुमचा दुसरा प्रश्न, कारण तो मनात सलत राहिला तर पहिल्याचे उत्तर पचनी पडायचे नाही. तुम्ही असे धरून चालला आहात की व्यायाम हा जणू एक करार होता: आपण बावीस वर्षे पर्वती चढलो, तेव्हा हृदयाने आपल्याला जपायला हवे होते. असा करार शरीर करत नाही, ताई. व्यायामाने धोका खरोखर कमी होतो, पण मधुमेह, अनुवंश, रक्तदाब, कोलेस्टेरॉल आणि पाळी गेल्यानंतरचे बदल ही आपापली कामे करतच असतात. शिवाय स्त्रियांना होणारा त्रास पुष्कळदा छातीतल्या कळेबरोबर किंवा कधी तिच्याऐवजी दम लागणे, मळमळ, पाठ-जबडा दुखणे, विलक्षण थकवा अशा रूपात येतो आणि ‘पित्त झाले असेल’ म्हणून मागे पडतो. तुमचे निदान उशिरा झाले असेल तर त्याचा दोष तुमच्याकडे येत नाही. पर्वतीने तुम्हाला दिलेले फुकट गेले, असेही मानू नका. शस्त्रक्रियेला सामोरे जाताना ज्याचे पाय आणि फुप्फुसे तयार असतात, तो सावरायलाही लवकर लागतो.

मुलाची भीती मला समजते. त्याने अतिदक्षता विभागाच्या काचेबाहेर उभे राहून नळ्या लावलेली आई पाहिली आहे. पण ‘आराम’ निर्धोक असतो हे त्याचे गृहीत बरोबर नाही. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत हृदयविकाराचा झटका आलेल्या माणसाला कित्येक आठवडे अंथरुणात ठेवत असत, आणि पायांच्या शिरांत रक्ताच्या गुठळ्या होण्यापासून स्नायू झडण्यापर्यंत त्याचे बरेच दुष्परिणाम दिसून आल्यावर ती पद्धत मागे पडली. १९६६ मध्ये अमेरिकेत डॅलस येथे पाच निरोगी तरुणांना तीन आठवडे अंथरुणात झोपवून ठेवण्यात आले, तर त्यांच्या शरीराची श्रमात प्राणवायू वापरण्याची कमाल क्षमता चतुर्थांशाहून अधिक घटली. तीस वर्षांनी त्याच पाच जणांना पुन्हा तपासले, तेव्हा तीस वर्षांच्या वयोमानानेही ती क्षमता त्या तीन आठवड्यांइतकी खालावलेली नव्हती. विशीतल्या मुलांची ही कथा. साठीला टेकलेल्या शरीराने दहा आठवडे पडून राहण्याची किंमत किती असेल, याचा विचार मुलाने जरूर करावा.

मैत्रिणींचे म्हणणे या अंगाने अर्धे बरोबर आहे. चूक आहे ती ‘आता’ आणि ‘कायमची’ या दोन शब्दांत. पाच आठवड्यांनी सिंहगड चढला नाही म्हणून कुणी कायमचे बसत नाही.

डॉक्टरांच्या ‘हलका व्यायाम’ या शब्दांनी तुम्ही गोंधळलात यात नवल नाही, कारण बावीस वर्षे पर्वतीची टेकडी चढणाऱ्या बाईला तिथल्या १०३ पायऱ्यासुद्धा हलक्याच वाटणार. श्रम मोजण्याचे एक माप आहे, त्याला मेट म्हणतात. स्वस्थ बसलेले असताना शरीराला जेवढी ऊर्जा लागते तो १ मेट. सावकाश चालायला दोन-अडीच, झपझप चालायला साडेतीन-चार, सावकाश जिना चढायला सुमारे चार, आणि सिंहगडासारखा सलग डोंगरचढ करायला सहा-सात किंवा त्याहूनही अधिक मेट लागतात. म्हणजे सारसबागेतली फेरी, पर्वती आणि सिंहगड ही एकाच व्यायामाची लहानमोठी रूपे मानू नयेत. तीन वेगळ्या इयत्ता आहेत त्या, आणि तुमचे नाव सध्या पहिलीत आहे.

नाडीचे ठोके मोजून श्रमाचा अंदाज घेण्याची रीत तुम्हाला बहुधा लागू पडणार नाही. बायपासनंतर अनेकांना बीटा ब्लॉकर गटातील गोळी सुरू असते. ती ठोके मुद्दाम कमी ठेवते, त्यामुळे ‘२२० वजा वय’ हा सर्वतोमुखी असलेला हिशेब अशा वेळी फसतो. तुमच्या गोळ्यांत ती आहे का, हे डॉक्टरांना विचारा. हृदयरुग्णांच्या व्यायामवर्गांत त्याऐवजी गुन्नार बोर्ग या स्वीडिश मानसशास्त्रज्ञांचे माप वापरतात: ६ म्हणजे मुळीच श्रम नाहीत, २० म्हणजे याहून अधिक शक्यच नाही, आणि आपण राहायचे ते ११ ते १३ च्या दरम्यान, म्हणजे ‘हलके’ ते ‘थोडे कष्टाचे’. घरच्या घरी याहून सोपी कसोटी आहे. चालताना रामरक्षेचा एखादा श्लोक म्हणून पाहा. दोन्ही ओळी बोलीच्या सुरात न अडखळता आल्या तर वेग ठीक आहे. चरणाच्या मध्येच श्वास घ्यावा लागला तर वेग कमी करा. खड्या आवाजात चालीवर गाता आले, तर थोडा वाढवायला हरकत नाही.

सुरुवात कशी करायची ते सांगते, मात्र आधी डॉक्टरांना पुन्हा एकदा भेटा आणि चार गोष्टी स्पष्टपणे विचारा: छातीचे हाड सांधले आहे का हे हाताने तपासून पाहिले का, हृदयाची रक्त ढकलण्याची क्षमता इकोमध्ये, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, किती आली, हिमोग्लोबिन किती आहे, आणि चढाचा व्यायाम सुरू करण्याआधी ट्रेडमिलवरची ताण-चाचणी करावी का, केव्हा करावी. हिमोग्लोबिनचा प्रश्न लहान वाटतो, पण शस्त्रक्रियेनंतर ते पुष्कळदा उतरलेले असते आणि लागणाऱ्या धापेचे कारण तेवढेच असू शकते. पाचवी गोष्ट म्हणजे हृदयरुग्णांच्या पुनर्वसनाचा व्यायामवर्ग. पुण्यातील मोठ्या रुग्णालयांत त्याची विचारणा करा. देखरेखीखाली आठवड्यातून दोन-तीनदा होणाऱ्या या व्यायामाने हृदयविकाराने होणारे मृत्यू आणि पुन्हा भरती होण्याची वेळ, दोन्ही कमी होतात, हे अनेक अभ्यासांत दिसले आहे. तरीही या वर्गाची चिठ्ठी स्त्रियांना पुरुषांपेक्षा कमी वेळा मिळते, म्हणून संकोच न करता स्वतःहून मागा.

डॉक्टरांनी होकार दिला की सारसबागेसारखी सपाट, सावलीची आणि बसायला बाक असलेली जागा निवडा. पहिले पाच-दहा मिनिटे अगदी रेंगाळत चाला, मग दहा मिनिटे श्लोकाच्या वेगाने, आणि पुन्हा शेवटची पाच-दहा मिनिटे रेंगाळत. हा शेवटचा भाग लोक गाळतात. झपझप चालून एकदम बाकावर बसले तर रक्त पायांत साचून राहते, रक्तदाब उतरतो आणि भोवळ येते. रक्तदाबाच्या गोळ्या चालू असताना तर याची शक्यता आणखी वाढते. दुसऱ्या दिवशी सकाळी अंग ताजे वाटले तर मधला भाग दोन-तीन दिवसांनी दोन-तीन मिनिटांनी वाढवा. आदल्या दिवसाचा थकवा उरला असेल तर त्या दिवशी वाढवू नका, पण घरीही बसू नका, कमी चाला. याप्रमाणे मधला भाग तीस मिनिटांवर आला आणि तो आठवडाभर सुखाने झाला की पायऱ्यांचा विचार करायचा. बायपाससाठी पायाची शीर काढली असेल तर त्या घोट्यावर संध्याकाळी सूज येते. बसल्यावर पाय उशीवर घ्या. दवाखान्यातून मिळालेले, फुप्फुसांच्या व्यायामाचे तीन चेंडूंचे फुंकणीसारखे यंत्र माळ्यावर टाकले असेल तर ते खाली काढा आणि अजून वापरावे का हे त्याच भेटीत विचारा. त्यात हवा फुंकायची नसते, आत ओढायची असते. घरी गेल्यावर अर्धेअधिक लोक ते उलटे वापरताना मी पाहिले आहेत.

पर्वतीवर पहिल्या दिवशी दहा-पंधरा पायऱ्या पुरे. कडेने चढा, एका पायरीवर दोन्ही पाय आणून मग पुढची घ्या, आणि चढताना श्वास मुळीच रोखू नका. श्वास कोंडून जोर केला की रक्तदाब एकदम वर जातो. कपालभाती, भस्त्रिका आणि कुंभक तूर्त बाजूला ठेवण्याचे कारणही हेच. सूर्यनमस्कारात तर साष्टांग घालताना सगळा भार हातांवर येतो, तेव्हा हाड पक्के सांधल्याचे डॉक्टर सांगेपर्यंत ते नकोतच. उतरताना धाप लागत नाही म्हणून आपण बेसावध होतो, पण मांड्यांवर सर्वाधिक ताण उतरणीतच येतो आणि इतक्या दिवसांनी त्या लटपटतात. मैत्रिणींपैकी जिला तुमच्या वेगाने चालायला आवडेल अशी एक सोबत घ्या. घोळक्याबरोबर नको, घोळक्याचा वेग सर्वांत चपळ बाई ठरवते.

मधुमेहाबद्दल एक सूचना तुम्ही लक्षात ठेवाच. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या चालू असतील तर चालताना साखर एकाएकी खाली जाऊ शकते. एरवी तेव्हा हात थरथरतात आणि छातीत धडधडते, पण बीटा ब्लॉकर या दोन्ही खुणा झाकून टाकते. उरतो तो दरदरून सुटणारा घाम. पुण्याच्या गार सकाळी कारण नसताना घाम फुटला तर बसा आणि ओढणीच्या टोकाला किंवा बटव्यात ठेवलेली साखर अथवा ग्लुकोज लगेच तोंडात टाका. साखर मोजण्याचे यंत्र असेल तर निघण्यापूर्वी एकदा पाहा, आणि जेवणानंतर लगोलग चालायला निघू नका.

छातीत दाब, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, बसूनही न थांबणारी धाप, भोवळ, वेडीवाकडी धडधड यांपैकी काहीही झाले तर तिथेच थांबा. डॉक्टरांनी जिभेखाली ठेवायची गोळी दिली असेल तर त्यांनी सांगितल्याप्रमाणे घ्या आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा, रिक्षा शोधत बसू नका. टाक्यातून पाणी किंवा पू येणे, ताप, छातीच्या हाडात कट्कट् होणे, एका पोटरीलाच दुखरी सूज, दिवसात किलोभराहून किंवा आठवड्यात दोन किलोंहून अधिक वजन वाढणे, यांसाठी त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा. वजनासाठी सकाळी एकदा काट्यावर उभे राहून आकडा दिनदर्शिकेवर लिहीत चला.

रात्रीच्या ठोक्यांचे म्हणाल, तर शांततेत, डाव्या कुशीवर, इतके दिवस छातीकडेच लक्ष लागलेल्या माणसाला ते ऐकू येणे स्वाभाविक आहे. ते एका लयीत असतील तर कूस बदला, दिवा लावा, पाणी प्या. लय चुकत असेल, मध्येच धावत असेल, तर ते मनाचे खेळ म्हणून सोडू नका. बायपासनंतरच्या आठवड्यांत लय बिघडणे बऱ्याच जणांत आढळते आणि त्यावर औषध असते. आणि ताई, दिवसाही उगाच रडू येत असेल, कशातच मन रमत नसेल आणि असे दोन आठवड्यांहून अधिक चालले असेल, तर तेही हृदयाच्या डॉक्टरांना सांगा. मोठ्या शस्त्रक्रियेनंतर मन खचणे हा त्या दुखण्याचाच भाग असतो, आणि खचलेले मन व्यायाम आणि औषधे दोन्हीकडे पाठ फिरवते.

इतर शस्त्रक्रियांमधून उठलेल्या वाचकांनी माझे आठवडे जसेच्या तसे उचलू नयेत. गर्भाशयाची किंवा हर्नियाची पोट उघडून केलेली शस्त्रक्रिया असेल तर जपायचे असते ते पोटाच्या भिंतीला. चालणे लवकर सुरू होते, वजन उचलणे मात्र साधारण सहा-आठ आठवडे टाळावे लागते, आणि बादलीविषयी वर लिहिले ते त्यांनाही तंतोतंत लागू आहे. गुडघा बदलल्यावर गोष्ट निराळीच: तिथे त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी उभे करतात, आणि दुखते म्हणून गुडघा वाकवायचा टाळला तर तो आखडून बसतो. प्रत्येकाने आपल्या डॉक्टरांना विचारायचे ते एवढेच, की माझ्या शरीरात नेमके काय सांधते आहे आणि कोणत्या हालचालीने त्यावर ताण येतो.

राहिला सिंहगड. तुमच्या पत्रात सगळ्यांत जास्त ओढ त्याचीच जाणवली. पाच आठवड्यांनी शस्त्रक्रियेला पंधरा आठवडे झालेले असतील, हाड बहुधा सांधलेले असेल, आणि तरी माझे उत्तर यंदा पायी नको असेच आहे. तासा-दीड तासाचा सलग चढ, पावसाने निसरडी झालेली वाट, घसरल्यावर तोल सावरायला नकळत पुढे जाणारा हात, आणि काही झाले तर मध्ये कुठेही पोहोचू न शकणारे वाहन, हे सगळे एकत्र येते तिथे. गड चढला म्हणजे आपण बरे झालो, असे तुम्ही मनाशी ठरवले असावे असा मला संशय आहे. बरे झालो की नाही हे ताण-चाचणी सांगेल, तुमची सकाळची झोप उघडल्यावरची तरतरी सांगेल. त्यासाठी गडावर पायी नेणारी आतकरवाडीची वाट पणाला लावण्याचे कारण नाही.

पण घरीही बसू नका. गडावर गाडीरस्ता जातो. त्या रविवारी डॉक्टरांची हरकत नसेल, पाऊस बेताचा असेल आणि दरडींमुळे घाट बंद नसेल, तर यजमानांना आणि मुलाला घेऊन गाडीने वर जा. गाडीतळापासून पुढच्या पायऱ्या थांबत थांबत चढा, न जमल्यास खालीच बसा. मैत्रिणींना आधीच सांगून ठेवा की पुणे दरवाजापाशी भेटू. पिठले-भाकरी आणि मडक्यातले दही बेताने खा, कांदाभजी त्यांना खाऊ द्या. आणि डबा, पाण्याच्या बाटल्या नि छत्र्यांची ती जड पिशवी गाडीतून काढायची वेळ आली, की ती मुलाच्या हातात द्या.